मंगळवारचा पडदा

"सही कर, लव्ह. इथे खाली. नाव आणि पत्ता."

डॉरीन माझ्या दारात उभी होती. तिच्या हातात पुठ्ठ्याला चिमट्यानं लावलेले कागद होते आणि पुठ्ठ्याला दोरीनं बांधलेलं पेन. मी तांदळाचं पीठ मळत होते. बोटं बरबटलेली होती, म्हणून कागद हातात न घेता नुसता वाचला. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'आमच्या तलावाला पडदे नकोत.'

"कसले पडदे?" मी विचारलं. माहीत असून विचारलं.

"तुला कुणी सांगितलंच नसेल," डॉरीन म्हणाली. "तुमच्या मशिदीतल्या पुरुषांनी नगरपालिकेकडे अर्ज केलाय. दर मंगळवारी सकाळी तासभर पोहायच्या तलावात फक्त बायका, आणि काचेच्या भिंतीला पडदे! तुम्हा बायकांना घरात कोंडून पोट भरलं नाही, आता आमच्या तलावातही कोंडणार. मी तुमच्यासाठीच धावाधाव करतेय ही. घे पेन."

इंग्लंडात येऊन मला सहा-सात वर्षं झाली होती. उत्तरेकडचं ते गिरण्यांचं जुनं गाव. एका रांगेत चिकटून बांधलेली घरं, त्यातलं एक आमचं आणि भिंतीपलीकडचं डॉरीनचं. ती साठीची, विधवा, सगळ्यांनाच 'लव्ह' म्हणणारी, आवाज असा की तिच्या स्वयंपाकघरात ती मांजरीला रागावली तर माझ्या हातातला चमचा थांबायचा. तिच्याशी खोटं बोलून भागणार नव्हतं.

"डॉरीनआंटी, तो अर्ज मी केलाय."

"मी कुणाची आंटी नाही," ती सवयीनं म्हणाली, आणि मग तिच्या डोक्यात उजेड पडला. "तू?"

"मी."

"तुला कुणी करायला लावला?"

"कुणी नाही."

"तुझ्या नवऱ्यानं?"

"त्याला अजून माहीतच नाही."

डॉरीननं पुठ्ठा छातीशी धरला आणि माझ्याकडे पाहत राहिली. बाहेर जुलैचं ऊन होतं, मी घामानं निथळत होते, आणि तिच्या अंगात तोच राखाडी लोकरीचा कार्डिगन, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. इंग्रज माणसाला थंडी कधी वाजते आणि कधी वाजत नाही, याचा मला आजवर पत्ता लागलेला नाही.

"अगं, पण का?"

"मला पोहायचंय."

"मग ये आणि पोह! कोण अडवतंय?"

"काचेतून लोक बघतात. बसमधलेसुद्धा."

"बघू देत! बघितल्यानं काय झिजणार आहेस तू?" मग तिनं मला सुनावलं. तिच्या आईला म्हणे शाळेत गुडघे दिसले म्हणून छड्या बसल्या होत्या. डॉरीन स्वतः पंधराव्या वर्षी त्या तलावात शर्यती जिंकायला लागली, तेव्हा चर्चमधल्या बायका तिच्या आईशी बोलायच्या बंद झाल्या. "आम्ही भांडून भांडून हे अंगावरचं ओझं उतरवलं, आणि तू ते पुन्हा उचलून आणतेस? तेही आपण होऊन?"

मला राग यायला हवा होता. पण खरं सांगायचं तर मला नवल वाटत होतं. माझ्या भल्यासाठी एवढं तणतणणारं माणूस आईनंतर मला पहिल्यांदाच भेटत होतं. मी सही केली नाही. ती पुठ्ठा घेऊन पुढच्या दाराशी गेली, आणि जाता जाता वळून म्हणाली, "पीठ वाळतंय तुझं."

*

माझा जन्म बाणकोटच्या खाडीजवळचा. बावा, म्हणजे माझे वडील, जहाजावर खलाशांचे सारंग होते, भाऊ पाण्यातच वाढले, आणि आम्ही मुली ओहोटीला वाळूत तिसऱ्या-शिंपल्या वेचायचो. पाणी घोट्याच्या वर आलं की काठावरून कुणीतरी हाक मारायचंच. अख्खं बालपण समुद्राशेजारी काढलं आणि समुद्र मला गुडघ्याच्या वर कधी लागला नाही. भाऊ लाटेवर उताणे पडून आभाळ बघायचे. पाण्यावर पाठ टेकली की आभाळ कसं दिसतं, एवढंच मला बघायचं होतं. धर्म, समाज, नगरपालिका यांचा त्यात काही संबंध नव्हता. तो सगळ्यांनी नंतर लावला.

संध्याकाळी चहा देताना मी नवऱ्याला, निजामला, सांगितलं. तो पावाच्या कारखान्यात होता. कामावरून आला की पिठानं पांढरा असायचा.

"पोवायला? तू?" त्यानं कप खाली ठेवला.

"हो. मी."

"मना काय, जा. पण मशिदीत हाजीचाचानं विचारलं तर मी काय सांगू?"

"सांग, बायको ऐकत नाय."

"ते तर त्यांना आधीच ठाऊक हाय गो," निजाम म्हणाला आणि बिस्किट बुडवायला लागला. माझा नवरा असा होता. त्याच्याशी भांडण करणं म्हणजे उशीला गुद्दे मारणं.

त्याला दुसरीच काळजी होती. "डॉरीनबाई चिडली असंल. शेजार तोडू नको."

शेजार आधीच अर्धा तुटला होता, माझ्या मनात तरी. दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात डॉरीन बरेच दिवस इस्पितळात होती. बायकांचं काहीतरी, एवढंच कळलं होतं. घरी आली तेव्हा मी तिला मोठ्या ताटलीत तांदळाची वाफवलेली सांदणं आणि नारळाचं दूध दिलं. चार दिवसांनी ताटली परत आली. घासूनपुसून लखलखीत, आणि रिकामी. आमच्याकडे शेजाऱ्याचं भांडं कधी रिकामं परत जात नाही. घरात काहीच नसलं तर चिमूटभर साखर, दोन कोकमं, काहीतरी ठेवायचंच. रिकामं भांडं परत करणं म्हणजे 'आता पुरे' असं सांगणं. मी ती ताटली फडताळात ठेवली आणि पुन्हा तिकडे काही पाठवलं नाही. तिला 'गुड मॉर्निंग' म्हणत राहिले, पण आतून गाठ बसली होती.

*

नगरपालिकेनं अर्ज मान्य केला, पण तीन महिन्यांपुरताच. त्यानंतर आकडे बघणार: दर मंगळवारी निदान पंधरा बायका यायला हव्यात, नाहीतर तास बंद आणि पडदेही खाली. तलावाचे व्यवस्थापक मिस्टर हॉवर्थ, भला माणूस, मला म्हणाले, "तुमचे सुती कपडे चालणार नाहीत. धागे गाळणीत अडकतात." मग मी बाजारातून नायलॉनचं कापड आणलं आणि सगळ्यांना लांब बाह्यांचे झगे आणि विजारी शिवून दिल्या.

पहिल्या मंगळवारी वीसएक जणी आल्या. पडदे निळे होते, छतापासून जमिनीपर्यंत. पाण्याशी राखणीला जूली नावाची कॉलेजातली मुलगी बसलेली, पुरुष कुणीच नाही. आम्ही पायऱ्यांवरून उतरलो आणि एकेकीच्या झग्यात हवा भरली. हलिमाभाभी, आमच्यातली सर्वांत पोक्त आणि सर्वांत सोवळी, गळ्यापर्यंत फुगून पाण्यावर बसल्यासारखी तरंगायला लागली आणि ओरडली, "अगो, मना खाली घ्या गो कुणीतरी!" जूली हसून हसून खुर्चीवरून पडायची बाकी होती. माझ्या आयुष्यातली ती फार आनंदाची सकाळ होती.

पुढच्याच आठवड्यात स्थानिक पेपरात बंद पडद्याचा फोटो आला. खाली लिहिलं होतं की शहराच्या डोळ्यांवर पट्टी बांधली गेली आहे. झेब हे माझं नाव चुकीचं छापलं होतं, पण गल्लीचं बरोबर होतं. मग दोन्हीकडून सुरू झालं. गोरे पुरुष म्हणाले, पडद्याआड पोहायचं असेल तर यांनी आपल्या देशात जावं. आमचे हाजीचाचा म्हणाले, पेपरात नावं यायला लागली, बायकांनी घरी बसावं. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारी ही मंडळी, पण मी पोहू नये यावर त्यांचं चक्क एकमत झालं होतं.

बायका गळायला लागल्या. कुणाची कंबर धरली, कुणाकडे पाहुणे आले. विसाच्या पंधरा झाल्या, पंधराच्या नऊ, नऊच्या सहा.

आणि दर मंगळवारी तलावाच्या दाराशी, फुटपाथवर, डॉरीन पाटी घेऊन उभी असायची.

"मॉर्निंग, लव्ह," ती पाटीमागून म्हणायची.

"मॉर्निंग, आंटी."

एकदा बाहेर येताना तिनं मला थांबवलं. "काय शिकलीस आज?"

"काही नाही. पाय बुडतात."

"गुडघ्यातून मारत असशील."

"मग कुठून मारायचे?"

"कमरेतून! हे बघ." तिनं पाटी भिंतीला टेकवली, दाराजवळच्या कठड्याला धरून एक पाय मागे उचलला आणि फुटपाथवर हलवून दाखवायला लागली. समोरच्या बसथांब्यावरची माणसं बघायला लागली. 'पडदे नकोत' ही पाटी शेजारी, आणि ती मला पडद्याआड कसं पोहायचं ते शिकवत होती. "अंगठे सैल. पाण्याला लाथ मारू नकोस, त्यानं तुझं काय घोडं मारलंय?"

पुढच्या मंगळवारी माझे पाय बुडाले नाहीत. बाहेर आल्यावर मी तिला ते सांगितलं, तेव्हा ती अशी खूश झाली की पाटी हातातून निसटली. मग लगेच तोंड कडक करून म्हणाली, "तरीही तो पडदा चूकच आहे."

"तुम्ही का येत नाही आत?" मी विचारलं. "ज्याच्याशी भांडता ते आतून बघा तरी."

"मी? पडद्याआड? मेले तरी नाही."

"मग बाकीच्या दिवशी पोहता का?" तलावाच्या दरवाज्यातून आत गेलं की समोरच काचेच्या कपाटात तिचा जुना फोटो होता. पाण्यातून अर्धी वर आलेली, दोन्ही हात पंखांसारखे उघडलेले, तोंड उघडं. चार मुलींनी पाळीपाळीनं पोहायच्या शर्यतीत तिनं गावाला चषक आणून दिला होता.

"हल्ली नाही," डॉरीन म्हणाली. "क्लोरीन सोसत नाही." आणि पाटी उचलून तिनं तोंड दुसरीकडे केलं.

*

तीन महिने संपायला आले. नगरपालिकेच्या समितीची बैठक गुरुवारी होती. त्याआधीच्या मंगळवारी आम्ही चारच जणी आलो. मिस्टर हॉवर्थ दाराशी मला म्हणाले, "मला खरा आकडा सांगावा लागेल. वाईट वाटतं." मी मान हलवली. मला रडू येत होतं. उताणं पडून आभाळ बघणं, निदान छत बघणं, मला अजून जमलेलं नव्हतं. मान टेकवली की भीती वाटायची आणि मी पाय खाली सोडायचे.

कपडे बदलून मी पाण्याशी आले, तर डॉरीन आत उभी होती. पाटी नव्हती. खांद्याला पिशवी, अंगात कार्डिगन.

"तपासायला आलेय," ती म्हणाली. "तूच म्हणालीस ना, आतून बघा."

ती काचेच्या भिंतीशी गेली आणि पडद्याच्या कडेकडेनं चालत निघाली. जिथे दोन पडदे जुळत होते तिथे थांबून ती ते ओढून बघत होती, खालच्या कडेला बुटानं चाचपत होती. मला वाटलं, गुरुवारी सांगायला खोट शोधतेय. मी तिच्या मागोमाग गेले.

"ही मुलगीच असते का इथे? दर वेळी?"

"हो, जूली."

"हॉवर्थ आत येतो?"

"कधीच नाही. बाहेरून आधी घंटा वाजवतात."

"आणि या बायका? बोलघेवड्या आहेत का?"

"आंटी, यांना इंग्रजीच येत नाही."

ती तरीही हलेना. तिनं एका जोडावर हात ठेवला आणि माझ्याकडे न बघता, ज्या आवाजानं माझा चमचा थांबायचा तो आवाज कुठल्याकुठे गेला होता, हळूच विचारलं, "हा नीट ओढलाय ना, झेब? कुठूनच दिसत नाही ना?"

"कुठूनच नाही."

मग तिनं कार्डिगनची बटणं काढायला सुरुवात केली.

आत पोहण्याचा काळा पोशाख होता, घरूनच घालून आलेली. डावीकडे तो भरलेला होता. उजवीकडे छाती नव्हतीच. कापड सपाट पडलं होतं, आणि काखेतून वर आलेला जांभळट व्रण बाहेर दिसत होता. इस्पितळ, बायकांचं काहीतरी, जुलैतला लोकरीचा कार्डिगन, सगळं मला त्या एका क्षणात कळलं. आणि आपण एका ताटलीवरून दोन वर्षं या बाईवर रुसून बसलो होतो, याची मला इतकी लाज वाटली की मी खाली बघितलं.

"बघ," डॉरीन म्हणाली. "एकदा बघून घे, म्हणजे चोरून बघावं लागणार नाही."

मी बघितलं. हलिमाभाभीनंही बघितलं. ती पाण्यातून दोन पायऱ्या वर आली, डॉरीनचा हात धरला आणि आमच्या बोलीत म्हणाली, "ये गो बाय, पाणी बरा हाय आज." डॉरीनला शब्द कळला नाही, पण ती हात धरून उतरली.

मग ती पोहली. कशी, ते शेवटी सांगते. मी बघत राहिले आणि तोंड मिटायचं विसरून घोटभर पाणी गिळलं, एवढंच आत्ता सांगते.

ती परत आली तेव्हा धापा टाकत होती. आम्ही दोघी कठड्याला धरून उभ्या राहिलो.

"दोन वर्षं," ती म्हणाली. "डॉक्टरनं एक स्पंजाचा गोळा दिला होता. आत ठेव, कुणाला कळणार नाही म्हणाला. स्पंज पाण्यात तरंगतो, लव्ह. घरच्या टबात करून बघितलं. गळ्याशी येऊन बसला, हनुवटीखाली." ती हसली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही तसंच झालं, आधी हसू आणि लगेच दुसरं. "बाहेर माझा फोटो टांगलाय. सगळं गाव मला ओळखतं. काचेतून बघतील आणि म्हणतील, बिचारी. मला कुणाची बिचारी व्हायचं नाही."

"मग पडद्याशी भांडलात कशाला? तुम्हाला तर तो..."

"म्हणूनच!" तिनं पाण्यावर हात आपटला. "सगळं आयुष्य मी म्हणत आले, लपवण्यासारखं काही नसतं. तुम्ही पडदा मागितलात आणि पेपरात ते वाचल्या वाचल्या मला तो हवासा वाटला. मला! इतका संताप आला, की तशीच उठले आणि कागद छापून आणले."

मग तिनं माझ्या फुगलेल्या झग्याकडे बघितलं. "माझं एक समजण्यासारखं आहे. माझ्यात कमी आहे म्हणून मी झाकते. तुझं तर सगळं जागच्या जागी आहे. तू का झाकतेस?"

"कमी आहे म्हणून नाही," मी म्हटलं. "माझं आहे म्हणून. कुणाला दाखवायचं ते मी ठरवणार."

"तू ठरवणार की तुझे ते हाजी?"

"हाजीचाचांचं ऐकलं असतं तर मी आज इथे असते का?"

डॉरीननं विचार केला. "मला अजून पटलेलं नाही."

"नका पटवून घेऊ. मला उताणं पडायला शिकवा."

तिनं माझ्या मानेखाली हात ठेवला. "डोकं दे माझ्या हातात. सगळं. अर्धं नाही. श्वास घे आणि पोट वर. माझा हात आहे." मी डोकं दिलं. कानात पाणी गेलं, सगळे आवाज बंद झाले, आणि वरचं पांढरं छत हळूहळू सरकायला लागलं. तिनं हात कधी काढला ते मला कळलंच नाही.

"डॉरीन!" मी ओरडले. 'आंटी' म्हणायचं राहूनच गेलं.

निघताना तिनं कार्डिगनची सगळी बटणं लावली आणि म्हणाली, "हे कुणाला सांगायचं नाही."

"नाही सांगणार."

"तुझ्या नवऱ्यालाही नाही."

"त्याला तसंही सगळं उशिरा कळतं."

*

पण निजामला अर्धं त्याच दिवशी कळलं. डॉरीन ओल्या केसांनी घरात शिरताना त्यानं बघितली होती.

"ती आत पोवली? तुमच्यात?" तो टाळी वाजवून म्हणाला. "मग झालं की काम! परवा सभेत उभी राहा आणि सांग, ही बाई स्वतः पडद्याआड पोवून आली. त्यांची पाटीवालीच फुटली म्हटल्यावर बाकीचे काय बोलतील?"

"मी सांगणार नाय."

"का गो?"

"शब्द दिलाय."

"अगो, मग तास जाणार तुझा!"

"जाऊ दे." मी म्हटलं खरं, पण जीव तुटत होता. छत सरकताना एकदाच बघितलं होतं. आभाळ तर अजून बाकीच होतं. निजामनं माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि पुन्हा विचारलं नाही. माझ्या नवऱ्याचा हा गुण मी कधी त्याच्या तोंडावर कबूल केला नाही.

गुरुवारी संध्याकाळी नगरपालिकेचं सभागृह भरलं होतं. एका बाजूला डॉरीनचे सहीवाले, दुसऱ्या बाजूला आमचे लोक, मागच्या खुर्चीत हाजीचाचा काठीवर हनुवटी टेकून. मिस्टर हॉवर्थनी आकडे वाचले. शेवटच्या मंगळवारी पाच, ते म्हणाले. अध्यक्षांनी ते लिहून घेतलं. पाचवी कोण, हे कुणी विचारलं नाही. मग मला बोलायला सांगितलं. मी आदल्या दिवशी आरशासमोर पाठ केलेलं सगळं विसरले. "मला पोहायला आवडतं," एवढं म्हणाले आणि बसले.

मग अध्यक्ष म्हणाले, "विरोधकांच्या वतीनं डॉरीन."

डॉरीन उठली. पुठ्ठ्यावरचे कागद जाडजूड झाले होते. माझ्याकडे तिनं बघितलंच नाही.

"यावर पुष्कळ सह्या आहेत," ती म्हणाली. "ज्यांनी केल्या त्यांनी विश्वासानं केल्या, म्हणून कागद मी देतेय. पण पहिली सही माझी होती, ती मी खोडली आहे. पडदा राहू द्या."

सभेत गलका झाला. अध्यक्षांनी टेबल वाजवलं. "मत बदलायचं कारण?"

"मी आत जाऊन आले."

मागून रॉय नावाचा एक दांडगा माणूस उभा राहिला. याच्याकडूनच डॉरीननं पाट्या करून घेतल्या होत्या. "आत जाऊन आलीस? मग सांग की आम्हाला! असं काय आहे तिथे आत?"

डॉरीनचा हात कार्डिगनच्या वरच्या बटणाशी गेला. ते लावलेलंच होतं. तिनं ते चाचपलं आणि त्या तिच्या खणखणीत आवाजात म्हणाली, "तुला दिसू नये म्हणूनच तर तिथे पडदा आहे, रॉय."

आधी बायका हसल्या, मग सगळेच. हाजीचाचांनी शेजारच्याला विचारलं, काय म्हणाली? त्यानं कानात सांगितलं. चाचांची काठी हलायला लागली. मी त्यांना हसताना तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

"आणि पंधराची अट असेल," डॉरीन पुढे म्हणाली, "तर मंगळवारी मोजायला या. बाहेरून."

मंगळवारी ती तिच्या वयाच्या सात-आठ जणींना घेऊन आली. चार मुलींच्या शर्यतीतली एक त्यांत होती. कुणाचं पोट सुटलेलं, कुणाच्या पायांवर निळ्या शिरा, कुणाला काहीच झालेलं नव्हतं, नुसतं वय झालं होतं. हलिमाभाभीनं आमच्या गळालेल्यांना परत हाकून आणलं. तास चालू राहिला. बाहेर रॉयनं आणखी दोन मंगळवार एकट्यानं पाटी धरली, मग थंडी पडली.

मी पुन्हा सांदणं केली आणि त्याच ताटलीत घालून तिच्याकडे नेली. या वेळी दारातच विचारलं, "मागच्या वेळी रिकामी का परत केलीत?" तिला प्रश्नच कळेना. तिच्याकडे म्हणे दुसऱ्याचं भांडं लख्ख करून देणं हाच मान. मी आमची रीत समजावली. ती कपाळाला हात लावून म्हणाली, "दोन वर्षं तू यावर गप्प बसलीस?" ताटली परत आली तेव्हा तिच्यात तिच्या परसातल्या रूबार्ब नावाच्या भाजीचे लाल दांडे होते. चाखले तर आंबट ढाण. त्यांच्यात साखर घालून गोड करतात म्हणे. मी कोकमाऐवजी कोलंबीच्या कालवणात घातले, आणि निजामनं तीनदा वाढून घेतलं.

या सगळ्याला आता पुष्कळ वर्षं झाली. पडदा आम्हा दोघींना कधीच सारखा पटला नाही. त्यावरून आम्ही शेवटपर्यंत भांडलो, भिंतीच्या या बाजूनं आणि त्या बाजूनं. मी गावी गेले तेव्हा एका पहाटे खाडीच्या तोंडाशी पाण्यावर पाठ टेकून आभाळ बघितलं आणि परत येऊन ते आधी तिलाच सांगितलं. निजामनं तिच्या ओल्या केसांबद्दल कधी विचारलं नाही.

डॉरीनचा आजार परत आला तेव्हा मी रोज तिच्याकडे बसायचे. एका दुपारी ती म्हणाली, "मी गेले की सांग, ज्याला सांगायचं त्याला. आता काय झाकायचं?" मग बोट वर करून म्हणाली, "पण नुसतं ऑपरेशनचं सांगत बसशील, तुझी मला खात्री नाही. त्या दिवशी मी काय पोहले, ते सांग."

तर सांगते. ती बटरफ्लाय पोहली. कपाटातल्या फोटोत होती तशी, दोन्ही हात उघडून, कमरेपर्यंत पाण्याबाहेर येत. उजवा हात पुरता वर येत नव्हता, त्यामुळे ती सरळ जात नव्हती, एका बाजूला कलत होती. पण या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, मध्ये कुठेही न थांबता.